कलाभवनाचे संस्थापक श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड

आपल्या सुतार ज्ञातीच्या ह्या वार्षिक स्मरणिकेत बडोद्याचे अधिपती श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड ह्यांचे चरित्र देण्याचे योजिले आहे. महाराज आपल्या ज्ञातीचे नव्हते, आणि देऊळगाव राजापासून बडोदे पुष्कळ दूर. तेव्हा आपल्या अंकात त्यांच्या चरित्राचे प्रयोजन काय, अशी शंका कोणी ज्ञातिबांधव घेतील. तिचे निरसन पुढील हकीकतीने होईलच. तूर्त एवढेच सांगून ठेवतो की, कारागिराच्या मुलाने आपला धंदा शास्त्राच्या पायावर आणि आपल्या भाषेतून शिकावा ह्यासाठी ज्या राजाने स्वतंत्र विद्यालय उघडले आणि त्या विद्यालयाची सूत्रे सुताराच्या कुळात जन्मलेल्या एका विद्वानाच्या हाती दिली, त्याचे ऋण आपल्यावर इतरांहून काकणभर अधिकच आहे.

नाशिक जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे खेडे आहे. तेथे काशीराव गायकवाड व उमाबाई ह्या दांपत्याच्या पोटी मार्च १८६३ मध्ये महाराजांचा जन्म झाला. जन्मनाव गोपाळराव. घराणे बडोद्याच्या गायकवाडांचेच, परंतु दूरच्या शाखेचे. राजवैभवाचा वारा त्या घरास लागलेला नव्हता. शेतीभाती, गुरेढोरे आणि खेड्यातील सोबती ह्यांतच गोपाळरावांचे बाळपण गेले. शाळेचा आणि त्यांचा संबंध आला नाही म्हटले तरी चालेल.

इकडे बडोद्यास निराळाच प्रकार चालला होता. मल्हारराव गायकवाडांच्या कारभाराविषयी बोभाटा झाला, रेसिडेंटावर विषप्रयोगाचा आरोप आला, आणि एप्रिल १८७५ मध्ये इंग्रज सरकारने त्यांस पदच्युत केले. पूर्वीचे राजे खंडेराव ह्यांच्या पत्नी महाराणी जमनाबाई ह्यांस दत्तक घेण्याची अनुज्ञा मिळाली. कवळाण्याची मुले पारखण्यासाठी बडोद्यास नेण्यात आली, आणि त्यांतून गोपाळरावांची निवड झाली. त्या वेळी इतर मुलांनी येण्याचे कारण निरनिराळे सांगितले व ह्या मुलाने मात्र राज्य करावयास आलो असे बेधडक सांगितले, अशी आख्यायिका सर्वश्रुत आहे. तिच्यात तथ्य किती, हे सोडून देऊ. २७ मे १८७५ रोजी दत्तविधान झाले आणि कवळाण्याचे गोपाळराव बडोद्याचे सयाजीराव झाले.

बाराव्या वर्षी त्यांनी अक्षरे गिरविण्यास आरंभ केला. दिवाण राजा सर टी. माधवराव हे कारभार पाहत होते व एलियट नावाचे इंग्रज गृहस्थ गुरू म्हणून नेमले होते. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा ह्या मुलास एकदम शिकावयाच्या होत्या. सकाळी तालीम, नंतर धडे, दुपारी पुन्हा धडे, असा क्रम सहा वर्षे चालला. मूल उशिरा शाळेत घातले म्हणजे त्याच्या हातून काही व्हावयाचे नाही, असे मानणारे पालक आपल्यात अजून आहेत. त्यांनी ही हकीकत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. २८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांस राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले, तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते.

राज्यारूढ झाल्यावर त्यांनी काय काय केले ह्याची यादी द्यावयाची तर हा अंक पुरणार नाही. न्यायखाते, वसुलाची पद्धत, ग्रंथालये, रेल्वे, व्यायामशाळा, सर्वत्र त्यांचा हात फिरला. आपणास त्यातील एकाच धाग्याचा माग घ्यावयाचा आहे.

त्या काळी कारागिराची स्थिती काय होती, हे प्रथम पाहिले पाहिजे. विलायतेच्या गिरण्यांचे कापड आगगाडीने गावोगाव पोहोचू लागले होते. आपल्या वऱ्हाडात खामगावास रेल्वेचा फाटा १८७० मध्ये आला. त्या रुळांवरून कापूस बाहेर जाऊ लागला आणि कापड आत येऊ लागले. कोष्ट्याच्या मागाची जी गत झाली, तीच रंगाऱ्याच्या पिंपाची. आलीच्या मुळ्यांपासून तांबडा रंग काढण्याची विद्या आपल्या प्रांतात पिढीजात होती. १८६९ च्या सुमारास युरोपातील रसायनशास्त्रज्ञांनी तसाच तांबडा रंग डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांतून तयार केला, आणि थोड्याच वर्षांत आलीचे पीक व तिचे रंगारी ह्या दोहोंचे बाजारातून उच्चाटन झाले. ह्यात रंगाऱ्याचा आळस नव्हता, की त्याच्या हातचे कसब कमी झाले नव्हते. बापाने शिकविले तेवढे तो चोख जाणत होता. पण रंगाचे शास्त्र दुसऱ्याच्या हाती गेले होते, आणि ते शिकविणारी शाळा त्याच्या मुलासाठी कोठेच नव्हती. शाळा होत्या त्या कारकून तयार करणाऱ्या.

महाराजांनी १८८७ मध्ये पहिली युरोपयात्रा केली. प्रकृतीचे कारण होते खरे, पण महाराजांची प्रवासाची रीत अशी की, जेथे जावे तेथील शाळा, कारखाने व संग्रहालये पाहिल्यावाचून राहावयाचे नाही. देशाची संपत्ती वाढावयाची तर हातास शास्त्राची जोड दिली पाहिजे, हा त्यांचा विचार ह्या प्रवासांनी पक्का झाला. विचार करणारे राजे पुष्कळ असतात. त्यास योग्य माणूस भेटला तरच काम होते. महाराजांस असा माणूस आपल्या पदरीच मिळाला.

त्यांचे नाव प्रोफेसर त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. जन्म सुरतेस, १८६३ चा, म्हणजे महाराजांच्याच वयाचे. गुजराती सुतार कुटुंबातील. गज्जर ह्या आडनावाचा संबंध गज धरणाऱ्याशी, म्हणजे मोजमाप करणाऱ्या कारागिराशी लावतात. वडील कल्याणदास शिल्पशास्त्राचे जाणकार होते. मुलाने मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात रसायनशास्त्राचे अध्ययन केले आणि तो बडोदा कॉलेजात त्या विषयाचा अध्यापक झाला. उच्च विद्या संपादन केलेल्या मुलाने बापाच्या धंद्याकडे पाठ फिरवावी, हा तेव्हाचा आणि आताचाही रिवाज. गज्जरांनी तसे केले नाही. कारागिरांसाठी शास्त्रीय विद्यालय काढण्याची योजना ते मनात घोळवीत होते. ती महाराजांनी उचलून धरली, आणि जून १८९० मध्ये बडोद्यास कलाभवनाची स्थापना झाली. गज्जर त्याचे पहिले प्राचार्य झाले. त्याच वर्षी महाराजांचा विशाल लक्ष्मीविलास राजवाडाही पुरा झाला. राजवाडा पाहावयास आजही लोकांची रीघ लागते. कलाभवन पाहावयास मुद्दाम कोणी जात असेल, असे वाटत नाही.

कलाभवनात चित्रकला व आरेखन, सुतारकाम, यंत्रकाम, विणकाम, कापड रंगविणे व छापणे असे वर्ग होते. पैकी दोन गोष्टी विशेष सांगण्याजोग्या आहेत. पहिली शिक्षणाच्या भाषेची. उच्च शास्त्रीय ज्ञान इंग्रजीवाचून देताच येणार नाही, असा त्या काळी विद्वानांचा दृढ समज होता. कलाभवनात ते मुख्यतः गुजरातीतून देण्यात येऊ लागले. पुस्तके नव्हती, ती लिहवून घेण्यासाठी महाराजांनी पैसा मंजूर केला. शास्त्रीय शब्दांस देशी प्रतिशब्द नव्हते. त्यांचा कोश करण्याचे काम गज्जरांनी अंगावर घेतले. हे काम किती कष्टाचे, हे ज्याने आयुष्यभर फळ्यापुढे उभे राहून मुलांस एखादी कल्पना समजावून दिली आहे, त्यासच कळेल. इंग्रजी न येणारा हुशार मुलगा पुष्कळदा बुद्धीने मंद ठरविला जातो. कलाभवनाने त्याच्यावरील हा शिक्का पुसला.

दुसरी गोष्ट आरेखनाची. सुतारकाम शिकणाऱ्याने वाकस-रंधा हाती घेण्यापूर्वी कागदावर वस्तू काढावी, तिची वरून, समोरून व बाजूने दिसणारी आकृती प्रमाणात आखावी, आणि मग लाकडास हात घालावा, असा क्रम होता. आपल्या जुन्या मिस्त्रींच्या डोक्यात आकृती पुरी तयार असे; कागदाची गरज त्यांस पडत नसे. गाडीचे चाक किंवा तिफण त्यांनी डोळ्यांच्या अंदाजाने अचूक साधली. खळ्यावरील बलुते मिळत होते, तोवर एवढे पुरत होते. पण डोक्यातील आकृती दुसऱ्यास दाखविता येत नाही, तिच्यावरून लाकडाचा व मजुरीचा हिशेब मांडता येत नाही, आणि दूरच्या गिऱ्हाइकाशी करारही करता येत नाही. पुढे लोखंडी अवजारे आली, ट्रॅक्टर आले, बैलगाड्या कमी झाल्या, बलुते बुडाले. आपल्यातील कितीतरी उत्तम कारागीर दुसऱ्याच्या नकाशावर रोजंदारीने राबू लागले. आज फर्निचराचे काम घेणारा ठेकेदार पुष्कळदा स्वतः पटाशी धरू शकत नाही, पण त्यास नकाशा वाचता येतो आणि अंदाजपत्रक करता येते. आपल्या घरांतील दारिद्र्याचे मूळ ह्यात कितपत आहे, ह्याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा.

कलाभवनाचा रंगविभाग सर्वांत नावारूपास आला. ज्या जर्मनीच्या कृत्रिम रंगांनी आपला रंगारी बुडविला, तेथूनच अध्यापक आणवून तीच विद्या येथील मुलांस देण्यात आली. येथे शिकलेले तरुण अहमदाबाद व मुंबईच्या गिरण्यांत रंगतज्ज्ञ म्हणून गेले.

विद्यार्थ्यांत एक नाव महाराष्ट्रास प्रिय आहे. त्र्यंबकेश्वरच्या एका शास्त्र्यांचा मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून बडोद्यास आला व कलाभवनात दाखल झाला. चित्रकलेबरोबर छायाचित्रण व छपाईच्या निरनिराळ्या क्रिया त्याने तेथे हस्तगत केल्या. गज्जरांनी त्यास छायाचित्रणाची प्रयोगशाळा मोकळी करून दिली. हेच दादासाहेब फाळके. ३ मे १९१३ रोजी त्यांचा राजा हरिश्चंद्र हा चित्रपट मुंबईस प्रदर्शित झाला, आणि ज्या धंद्यावर पुढे लक्षावधी कुटुंबे पोसली गेली, त्याचा पाया घातला गेला. भिक्षुकाच्या घरचा मुलगा हाताची कला शिकावयास आला आणि प्राचार्याच्या खुर्चीवर सुताराचा मुलगा बसला होता, हे १८९० सालचे दृश्य ज्ञातिबांधवांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे.

गज्जर बडोद्यास फार वर्षे राहिले नाहीत. दरबारी राजकारणाचा त्यांस उबग आला आणि शतक सरण्यापूर्वीच ते मुंबईस गेले. तेथे त्यांनी स्वतःची रसायनशाळा उघडली. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यास १८९६ मध्ये कोणी डांबर फासले होते. ते डाग भल्याभल्यांस निघेनात. गज्जरांनी रासायनिक क्रियेने ते काढून पुतळा पूर्ववत केला. मोती शुभ्र करण्याची क्रियाही त्यांनी शोधली होती. त्यांचे शिष्य कोटिभास्कर व भाईलालभाई अमीन ह्यांच्या खटपटीने १९०७ मध्ये अ‍ॅलेंबिक केमिकल वर्क्स हा कारखाना निघाला व बडोद्यास भरभराटीस आला. गुरूने प्रयोगशाळेत दिलेली विद्या कारखान्याच्या धुराड्यापर्यंत पोहोचल्याचे हे ठळक उदाहरण आहे. गज्जर १९२० मध्ये वारले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. ज्या पिढीजात कारागिरांसाठी कलाभवन निघाले, त्यांची मुले अपेक्षेइतकी तेथे आली नाहीत. शिक्षण दोन-तीन वर्षांचे. तेवढा काळ मुलगा घरच्या कामास मुकणार, आणि हातावर पोट असणाऱ्या बापास ते परवडणारे नव्हते. शिवाय तेथे प्रवेशासाठी लिहितावाचता येणे आवश्यक, आणि कारागिराच्या घरी अक्षराचाच दुष्काळ. धंदेशिक्षणाचा मजला बांधला खरा, पण त्याखाली प्राथमिक शिक्षणाचे जोते नव्हते. महाराजांनी हे ओळखले, आणि माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण ह्यातच आहे. स्वतः काढलेली संस्था अपुरी पडते हे दिसल्यावर तिचे गोडवे गात न बसता त्यांनी जोते घालावयास घेतले.

१८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील काही गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा प्रयोग सुरू झाला. तो चालू असतानाच छप्पनचा दुष्काळ पडला. १८९९-१९०० चा हा दुष्काळ. वऱ्हाडातील जुनी माणसे त्याच्या आठवणी सांगत असत. बडोदे संस्थानाची लोकसंख्या १८९१ मध्ये २४ लाखांवर होती, ती १९०१ च्या खानेसुमारीत साडेएकोणीस लाखांवर आली. दुष्काळ, रोग व स्थलांतर ह्यांनी राज्याचा पंचमांश गेला म्हणावयाचा. अशा आपत्तीनंतर दुसऱ्या कोणी शाळांचा खर्च प्रथम छाटला असता. महाराजांनी उलट १९०६ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा सबंध संस्थानास लागू केला, आणि तो मुलींसही लागू होता. ब्रिटिश मुलखासाठी असा कायदा व्हावा म्हणून नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये विधेयक आणले, ते नामंजूर झाले. आपले वऱ्हाड त्या वेळी ब्रिटिश अमलाखाली होते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीस अंगठा उमटवावा लागला आणि बडोद्याच्या सुताराच्या मुलास सही करता आली, ह्याचे कारण ह्या दोन घटनांत सापडते.

अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी महाराजांनी अधिकार मिळताच शाळा काढावयास आरंभ केला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांस १९१३ मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठविले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. तथापि १९१७ मध्ये तेच विद्वान बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांस त्या शहरात राहावयास जागा मिळाली नाही व परतावे लागले, हेही लपवून ठेवण्यात अर्थ नाही. राजाचा कायदा शाळेचे दार उघडू शकतो. शेजाऱ्याच्या घराचे दार त्याने उघडत नाही.

धंदे शिकलेल्या मुलांस पुढे भांडवल कोठून मिळावे, हाही प्रश्न होताच. डिसेंबर १९०२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनाचे उद्घाटन करताना महाराजांनी देशाच्या दारिद्र्याची मीमांसा केली आणि शेतीवरील भार उद्योगधंद्यांनी हलका झाल्यावाचून गत्यंतर नाही, असे प्रतिपादिले. २० जुलै १९०८ रोजी त्यांच्या आश्रयाने बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. महाराणी चिमणाबाईंच्या नावाने बडोद्यास स्त्रियांसाठी उद्योगालय निघाले, तेथे गरजू स्त्रियांस शिवण व अन्य हस्तव्यवसाय शिकविण्यात येत. आपल्या ज्ञातीत घरधनी अपघाताने वा व्यसनाने गेल्यावर मुलाबाळांचा भार एकट्या बाईवर पडल्याची उदाहरणे कमी नाहीत. त्या दृष्टीने ह्या संस्थेचा विचार आपल्या महिला मंडळाने अवश्य करावा.

आता आपल्या परिसराविषयी थोडेसे. बडोद्याचा राजा आपणास लाभला नाही, पण ज्यासाठी त्या काळी बडोद्यास जावे लागे, ते शिक्षण आता शासनाच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मिळते. सुतारकामाचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे, स्थापत्य आरेखकाचा दोन वर्षांचा. आपली मुले पहिल्यास कमीपणाचे मानतात, कारण ते घरी येतेच असा समज. आणि दुसऱ्याची माहितीच नसते. वास्तविक ज्याच्या घरी रंधा आहे, त्याने आरेखन शिकावे, म्हणजे दोन्ही हात जुळतील. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने विश्वकर्म्याच्या नावाने एक योजना सुरू केली. अठरा पारंपरिक व्यवसायांत सुतारकाम आहेच. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात रोजचे ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची तरतूद आहे. कर्ज व हत्यारे ज्यास हवीत त्याने जरूर घ्यावीत. पण आठवड्याच्या प्रशिक्षणाने आरेखन येत नाही, हे घरातील कर्त्याने मुलास स्पष्ट सांगावे. आश्विनात बालाजी महाराजांच्या यात्रेस आपले बांधव पुण्या-मुंबईहूनही गावी येतात, लाटांच्या मंडपाचा सोहळा पाहतात व परततात. त्या दिवसांत ज्ञातीच्या बैठकीत दहावी झालेल्या मुलांची नावे घेऊन कोण कोणत्या अभ्यासक्रमास जाणार, त्याचा एक वर्षाचा घरखर्च कसा भागणार, ह्याची मांडणी झाल्यास बरे होईल. बडोद्यातील कारागीर ह्याच खर्चापायी मागे राहिले होते.

महाराजांचे उत्तरायुष्य बरेचसे परदेशप्रवासात गेले. त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही होत असे, आणि ती सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येणार नाही. इंग्रज सरकारची मर्जीही त्यांच्यावर नेहमी राहिली नाही. १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे रिवाजाप्रमाणे ते लवले नाहीत म्हणून मोठा गहजब उडाला. पण प्रवासात असोत की बडोद्यात, शाळा-खात्याचे कागद त्यांच्या नजरेखालून जात. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईस वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. त्रेसष्ट वर्षांहून अधिक काळ ते गादीवर होते.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी त्यांच्या नावाचे विद्यापीठ निघाले व कलाभवन त्यात समाविष्ट झाले. विद्यापीठाची तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी शाखा घुमटाच्या त्या इमारतीत आजही भरते, आणि बडोद्याचे लोक त्या जागेस अद्याप कलाभवनच म्हणतात.